महिन्याच्या गोळ्यांचा खंड

प्रश्न नांदगाव तालुक्यातल्या एका माजी सैनिकाच्या मुलाचा आहे. वडील तोफखान्यातून २००४ साली हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यांना बीपी आणि शुगर दोन्ही आहे. दर महिन्याला औषधांसाठी शंभरेक किलोमीटर जायचं, तिथे निम्मी औषधं मिळत नाहीत, डॉक्टर दर खेपेला नवे. मागच्या वर्षी छातीत दुखायला लागलं तेव्हा एका रुग्णालयाने ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेचं, कार्ड बघून ‘बेड नाही’ म्हणून परत पाठवलं. मुलगा विचारतो, सरकारने यात नेमकं काय सुधारायला हवं, आणि ते होईपर्यंत आम्ही काय करायचं?

मी ईसीएचएसच्या दोन वेगवेगळ्या पॉलिक्लिनिकमध्ये मिळून अकरा वर्षं मेडिकल ऑफिसर होते. आता नाशिकरोडला माझा स्वतःचा दवाखाना आहे आणि आजही सकाळच्या ओपीडीत दोन-चार फौजी असतातच. तुम्ही लिहिलेल्या चारही गोष्टी मी औषधांच्या खिडकीच्या आतल्या बाजूने पाहिल्या आहेत. म्हणून उत्तर जरा लांबेल.

आधी माझं मत सांगते. मोठी ऑपरेशनं होत नाहीत, ही या योजनेची मुख्य अडचण नाही. बायपास, गुडघ्याचं प्रत्यारोपण, डायलिसिस, केमोथेरपी हे सगळं या कार्डावर होतं. साध्या हवालदाराच्या घरात एरवी शेत विकून करावे लागले असते असे उपचार मी कॅशलेस झालेले पाहिलेत. अडचण आहे ती महिन्याच्या गोळ्यांची. बीपीची, शुगरची, रक्त पातळ ठेवण्याची गोळी पंधरा दिवस, वीस दिवस, कधी दोन महिने मिळत नाही. त्या खंडातूनच पुढचा लकवा, हार्ट अटॅक, किडनीचा आजार आणि लाखांची बिलं निघतात. सरकारला एकच गोष्ट सुधारायची असेल तर मी म्हणेन, हा खंड बंद करा.

योजना कशी उभी राहिली हे थोडक्यात सांगते, कारण पुष्कळ घरांत ते माहीत नसतं. २००३ पूर्वी निवृत्त जवानाला उपचारासाठी मुख्यतः मिलिटरी हॉस्पिटल होतं, तेही जागा असेल तर. ज्याचं गाव छावणीपासून लांब, त्याला त्याचा उपयोग नव्हता. ३० डिसेंबर २००२ ला सरकारने मंजुरी दिली आणि १ एप्रिल २००३ पासून ईसीएचएस सुरू झाली. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या सीजीएचएस या आरोग्य योजनेवरून ती बेतलेली आहे. सुरुवातीला २२७ पॉलिक्लिनिकची मंजुरी होती, आता देशात सवाचारशेहून जास्त आहेत. १ एप्रिल २००३ नंतर निवृत्त होणाऱ्या पेन्शनरला सभासदत्व सक्तीचं, म्हणजे तुमच्या वडिलांची वर्गणी निवृत्तीच्या वेळीच कापली गेली असणार. २०१७ च्या डिसेंबरपासून ही एकरकमी वर्गणी शिपाई ते हवालदारासाठी ३०,००० रुपये, जेसीओंसाठी, म्हणजे नायब सुभेदार ते सुभेदार मेजर यांच्यासाठी, ६७,००० आणि अधिकाऱ्यांसाठी १,२०,००० आहे. हे मुद्दाम सांगितलं. खिडकीवर उभं राहताना अनेक फौजी मान खाली घालून बोलतात, जणू फुकट काही मागायला आलेत. तुमच्या वडिलांनी यासाठी पैसे भरलेत आणि त्याआधी आयुष्यातली ऐन उमेदीची वर्षं दिलीत.

आता गोळ्यांकडे येते.

पॉलिक्लिनिकची बरीचशी औषधं सैन्याच्या औषध भांडारांमधून येतात. मुंबई, दिल्ली, लखनौ अशा ठिकाणी ही भांडारं आहेत. पॉलिक्लिनिक मागणी करतं, ती स्थानिक मिलिटरी हॉस्पिटलच्या अधिकाऱ्यामार्फत पुढे जाते, मग दरकरार, निविदा, पुरवठा. या साखळीत कुठेही गाठ बसली की शेवटचं टोक कोरडं पडतं. अधूनमधून स्थानिक खरेदी करता येते, पण तिला पैशाची मर्यादा. नेमलेल्या स्थानिक केमिस्टकडून औषध मागवायची सोय आहे, पण त्याचं बिल थकलं की तोही हात आखडता घेतो. कॅगने या योजनेचं कामगिरी लेखापरीक्षण करून २०१५ साली जो अहवाल दिला, त्यातही औषधपुरवठ्यातल्या त्रुटींवर बोट ठेवलं होतं. म्हणजे दिल्लीला हे ठाऊक नाही असं नाही.

एक गोष्ट मात्र त्या खिडकीच्या आत बसल्याशिवाय कळत नाही. पुढच्या वर्षाची मागणी बहुतेक वेळा मागच्या खपावरून काढतात. समजा टेल्मिसार्टन हे बीपीचं औषध चार महिने आलंच नाही. त्या चार महिन्यांचा खप रजिस्टरमध्ये काय दिसतो? शून्य. म्हणजे वर्षाचा खप कमी, म्हणून पुढची मागणी कमी, म्हणून पुढच्या वर्षी ते औषध आणखी लवकर संपतं. मी माझ्यापुरती एक वही ठेवली होती. ज्या रुग्णाला औषध देता आलं नाही त्याचं नाव नाही, फक्त औषध आणि किती गोळ्या द्यायला हव्या होत्या तो आकडा. वर्षअखेरीला खपात हा आकडा मिळवून मागणी लिहिली आणि त्यानंतरच्या वर्षी बीपीच्या दोन औषधांचा तुटवडा आमच्याकडे बराच आटोक्यात आला. पुढे माझी बदलीवजा गच्छंती झाली, कंत्राट वाढलं नाही, आणि वही तिथेच राहिली. हे काम एका डॉक्टरच्या वहीवर चालू नये. न दिलेल्या औषधाची नोंद संगणकात सक्तीने व्हावी आणि मागणी तिच्यावरून निघावी. याला नवा कायदा लागत नाही की मोठा निधी लागत नाही.

दुसरी गाठ खासगी रुग्णालयात बसते. तिथला हृदयरोगतज्ज्ञ एका गोळीत तीन औषधं असलेलं कॉम्बिनेशन लिहून देतो, आणि पॉलिक्लिनिककडे तीच तीन औषधं सुटी असतात. फार्मासिस्ट नाव जुळत नाही म्हणून ‘एनए’, म्हणजे उपलब्ध नाही, असं लिहितो. खरं तर औषध कपाटात असतं! किंवा उलट होतं. सुट्या गोळ्या देतात, पण रुग्णाच्या घरी जुनी कॉम्बिनेशनची पट्टी शिल्लक असते आणि तो दोन्ही घेतो. माझ्याकडे एक सुभेदारसाहेब चक्कर येऊन पडले म्हणून आले होते. बीपी बघितलं तर वरचं नव्वद. घरून औषधांची पिशवी मागवली, तर एकच औषध तीन वेगवेगळ्या नावांनी चालू. बिचारे शिस्तीचे होते, डॉक्टरांनी दिलेली प्रत्येक गोळी वेळेवर घेत होते. यावर उपाय असा की संलग्न, म्हणजे योजनेशी करार केलेल्या, रुग्णालयांनी औषध कंपनीच्या नावाने न लिहिता घटकाच्या नावाने आणि शक्य तिथे पॉलिक्लिनिकच्या यादीतूनच लिहावं, आणि यादीबाहेरचं लिहिलं तर एका ओळीत कारण द्यावं. बिल मंजूर करताना हे तपासलं तर महिनाभरात सवय लागेल.

तिसरं म्हणजे, ज्याचं बीपी आणि शुगर सहा महिने स्थिर आहे, त्याला दर महिन्याला शंभर किलोमीटर का आणायचं? तुमच्या वडिलांना नांदगावहून गाडीने नाशिकरोड, तिथून रिक्षा, रांग, परतीची गाडी. पूर्ण दिवस जातो, सोबत येणाऱ्याची मजुरी बुडते. मग घरात ठरतं, ‘या महिन्यात राहू द्या, बरं वाटतंय ना.’ हा वाक्प्रचार मी शेकडो वेळा ऐकलाय. स्थिर रुग्णाला तीन महिन्यांची औषधं एकदम द्यावीत आणि मधल्या काळात बीपी-शुगर गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा नांदगावच्या ग्रामीण रुग्णालयात मोजावी. तिथे ही तपासणी असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात मोफत होते. फक्त तिथला आकडा पॉलिक्लिनिकने ग्राह्य धरायला हवा. संरक्षण मंत्रालयाचा दवाखाना आणि राज्य सरकारचा दवाखाना एकमेकांचे कागद वाचत नाहीत, आणि या दोघांच्या मधल्या जागेत नांदगाव, सुरगाणा, पेठ, येवल्याचा माणूस उभा असतो. पोस्टाने औषध घरपोच पाठवणं याच्याही पुढची पायरी. नाशिकहून द्राक्षं निर्यात होतात, कांदा देशभर जातो, पाकीटभर गोळ्या नांदगावला जाऊ शकत नाहीत असं मला कधी पटलं नाही.

डॉक्टर दर वेळी नवा का असतो, याचंही उत्तर सरळ आहे. पॉलिक्लिनिकमधले बहुतेक सगळे कंत्राटी आहेत. कंत्राट साधारण वर्षभराचं, मग मूल्यमापन, मुदतवाढ. एमबीबीएस मेडिकल ऑफिसरचं मानधन बराच काळ महिना ७५ हजारांच्या आसपास अडकून होतं. नाशिकसारख्या शहरात, जिथे खासगी रुग्णालयं झपाट्याने वाढली, तिथे तरुण डॉक्टर याकडे पदव्युत्तर प्रवेश मिळेपर्यंतची जागा म्हणून बघतो. मी त्याला दोष देत नाही. पण मधुमेहाचा रुग्ण एकाच डॉक्टरने चार वर्षं बघितला तर त्याच्या पायाची जखम लवकर सापडते. फाइल सगळं सांगत नाही. मागच्या खेपेपेक्षा माणूस खंगलाय हे फाइलमध्ये नसतं. तीन ते पाच वर्षांचं कंत्राट, दर वर्षी ठरलेली मानधनवाढ आणि वैद्यकीय अभ्यासक्रमाशी जोडणी, एवढं केलं तरी पुष्कळ फरक पडेल. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय नाशिकातच म्हसरूळला आहे. फॅमिली मेडिसिनच्या विद्यार्थ्यांची पाळी पॉलिक्लिनिकमध्ये लावली तर त्यांनाही असे रुग्ण दुसरीकडे मिळणार नाहीत.

आता एक विषय, ज्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही पण मला त्यावर थांबायचंय. तुमचे वडील तोफखान्यातले. त्यांचे कान कधी तपासलेत का?

नाशिक ही तोफखान्याची भूमी. देवळालीला स्कूल ऑफ आर्टिलरी, नाशिकरोडला आर्टिलरी सेंटर, सैनिकांच्या नोंदी ठेवणारं तोफखान्याचं अभिलेख कार्यालयही नाशिकरोड कॅम्पलाच. निवृत्तीनंतर या भागात स्थायिक झालेले गनर, म्हणजे तोफखान्यातले जवान, गल्लोगल्ली आहेत. १४० डेसिबलच्या वरचा स्फोटाचा आवाज एका फटक्यात कानातल्या पेशी कायमच्या मारू शकतो, आणि मोठ्या तोफेजवळचा आवाज त्याच्याही बराच वर जातो. त्या पिढीतल्या जवानांनी कानात कापसाचा बोळा घालून वर्षानुवर्षं गोळे डागले आहेत. अशा इजेत आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. ऑडिओमेट्रीच्या, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या, आलेखात ४,००० हर्ट्झजवळ एक खोल खळगा दिसतो. माणसाला बोलणं ऐकू येतं, पण समजत नाही. स्वर ऐकू येतात. स, श, फ, ख, थ निसटतात. घरचे म्हणतात, ‘यांना पाहिजे तेव्हा बरोबर ऐकू येतं.’ ते खरं नाही. शांत खोलीत समोरासमोर ऐकू येतं. पंखा, टीव्ही आणि चार माणसं असली की येत नाही.

याचा गोळ्यांशी संबंध काय? खिडकीच्या जाळीमागून फार्मासिस्ट भरभर सांगतो, ‘ही सकाळी उपाशीपोटी अर्धी, ही रात्री जेवून एक.’ मागे तीस माणसांचा गलका. हवालदारसाहेब मान हलवतात. फौजेतली सवय, ‘समजलं नाही’ असं म्हणायचं नाही. घरी येऊन अंदाजाने घेतात. मी एका महिन्यात ठरवून साठीपुढच्या प्रत्येक गनरला औषध घेतल्यावर परत बोलावलं आणि विचारलं, आता कसं घेणार सांगा. किती जणांनी चुकीचं सांगितलं याचा आकडा मी मोजून ठेवला नाही, पण त्या दिवसापासून मी चिठ्ठीवर सूर्य आणि चंद्र काढायला लागले आणि प्रत्येकाला म्हणून दाखवायला लावायचे. साठी ओलांडलेल्या प्रत्येक तोफखाना, चिलखती दल आणि पायदळाच्या सभासदाची वर्षातून एकदा ऑडिओमेट्री सक्तीची करावी, असं मी लेखी मागितलं होतं. श्रवणयंत्र योजनेतून मिळतं, पण ते मिळाल्यावर कानाला सवय होईपर्यंत दोन-तीनदा जुळवून द्यावं लागतं, त्यासाठी कोणी नसतं. म्हणून कित्येक यंत्रं डबीत पडून असतात.

रात्री दचकून उठणं, फटाक्यांच्या दिवसांत गावाबाहेर जाऊन बसणं, दारू वाढणं, हे कानाशेजारचंच दुखणं. त्याबद्दल फौजी घरातही बोलत नाहीत. १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं, आणि १ डिसेंबर २०२३ पासून पुण्याच्या एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात सैन्यदलांसाठी त्याचा स्वतंत्र कक्षही आहे. वडिलांना फोन करा असं सांगू नका. आधी तुम्ही स्वतः करून बघा, मग त्यांच्याजवळ बसून लावून द्या.

‘बेड नाही’ प्रकरणाकडे वळते. तुम्हाला ज्या रुग्णालयाने परत पाठवलं तिथे खरंच बेड नव्हता की नाही, हे मी इथून सांगू शकत नाही. पण हे उत्तर का मिळतं ते सांगू शकते. रुग्णालयाला या योजनेत पैसे सीजीएचएसच्या पॅकेज दराने मिळतात. बहुतेक दर २०१४ च्या सुमारास ठरले होते आणि त्यांची मोठी फेररचना व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. नाशिक ‘वाय’ वर्गातलं शहर, म्हणून पुण्या-मुंबईपेक्षा दर कमी. त्यातून बिल ऑनलाइन जातं, छाननी होते, कपात होते, आणि पैसे महिनोन्‌महिने अडकतात. मग रुग्णालय पैसे भरणाऱ्याला आधी घेतं आणि कार्डवाल्याला बाहेरच्या बाकावर बसवतं. चूक रुग्णालयाची आहेच, करार केल्यावर असं करता येत नाही. पण नुसत्या नोटिसा काढून ती जाणार नाही. ठरलेल्या मुदतीत बिलाचा मोठा भाग आपोआप चुकता व्हावा आणि वाद राहिलेल्या रकमेपुरता राहावा. आणि प्रत्येक संलग्न रुग्णालयाच्या दारात या योजनेसाठी आज किती बेड मोकळे आहेत हे दिसावं. रुग्णाला दारातूनच परत पाठवलं जातं तेव्हा कुठेही नोंद होत नाही, आणि नोंद नाही म्हणून तक्रारीला आधार राहत नाही. औषधाच्या रजिस्टरमध्ये जे होतं तेच इथे होतं.

तुमच्यासाठी महत्त्वाचं हे की छातीत दुखणं, लकवा, अपघात, बेशुद्धी यांत रेफरल, म्हणजे पॉलिक्लिनिकची चिठ्ठी, लागत नाही. संलग्न रुग्णालय असेल तर कार्डावर कॅशलेस भरती व्हायला हवं आणि पॉलिक्लिनिकला कळवायची जबाबदारी रुग्णालयाची. संलग्न नसलेल्या रुग्णालयात न्यावं लागलं तर बिनधास्त न्या. मनमाड-नांदगावात हार्ट अटॅक आला आणि योजनेतलं रुग्णालय शोधत नाशिकपर्यंत धावलात तर वाटेतच वेळ जाईल. फक्त ४८ तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवा आणि ते कळवल्याचा पुरावा ठेवा. अशा वेळी बिल आधी तुम्हाला भरावं लागेल, परतावा सरकारी दराने मिळेल, म्हणजे पूर्ण मिळेलच असं नाही. डिस्चार्ज कार्ड, तपशीलवार बिलं, इमर्जन्सी होती असं डॉक्टरांचं प्रमाणपत्र, ही तीन कागदं तिथून निघण्याआधीच घ्या. नंतर ती मिळवणं म्हणजे नाकी नऊ.

आणखी एक धोक्याची सूचना. सत्तरी ओलांडलेल्या सगळ्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड आलं, वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण. गावोगावी शिबिरं भरली आणि माजी सैनिकांनीही रांगेत उभं राहून अर्ज केले. पण ईसीएचएसच्या सभासदाला दोन्हींपैकी एकच निवडता येतं. ईसीएचएसमध्ये पाच लाखांसारखी वार्षिक मर्यादा नाही, आणि ओपीडी, रोजची औषधंही मिळतात. आयुष्मानमध्ये मुख्यतः रुग्णालयात भरती झाल्यावरचे उपचार आहेत. तुमचे वडील अजून सत्तरीच्या आत आहेत, पण गावात कोणी विचारलं तर हे नक्की सांगा.

आईंचं नाव तपासलंत का? हे विचारायला कारण आहे. सैनिकाच्या नोंदीत पत्नीचं नाव लग्नावेळचं, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं, अशी आमच्याकडची निम्मी घरं. नवरा हयात असेपर्यंत ते खपून जातं. तो गेला की त्या माउलीचं कार्ड, फॅमिली पेन्शन, सगळं एका अक्षरावर अडतं. माझ्याकडे येणाऱ्या एका आजींचं इन्सुलिन याच कारणाने बंद पडलं होतं. पतीच्या तेराव्यानंतर त्या कार्ड घेऊन आल्या आणि कार्ड चालेना. तोफखान्याचं अभिलेख कार्यालय नाशिकरोडलाच असल्याने बिहार-पंजाबातले गनर जिथे पोस्टाने पत्रं पाठवतात, तिथे तुम्ही स्वतः जाऊ शकता. वडील हयात असताना, त्यांच्या सहीने ही दुरुस्ती करून घ्या. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्जाचा नमुना आणि मदत मिळते. सरकारने करण्यासारखं म्हणाल तर पेन्शनर गेल्याची नोंद झाली की पत्नीचं कार्ड निदान सहा महिने आपोआप चालू ठेवावं. दुःखाच्या दिवसांत इन्सुलिन थांबत नसतं.

अग्निवीरांबद्दल फार लिहीत नाही, पण सोडूनही देत नाही. २०२२ च्या अग्निपथ योजनेतून चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या मुलांना ईसीएचएस नाही. नाशिकरोडच्या सेंटरमध्ये तोफा शिकलेली ही मुलं पंचविशीत घरी येतील, तीही बधिर झालेल्या कानांसकट. निदान बाहेर पडताना ऑडिओमेट्री, मणका आणि गुडघ्यांचा अहवाल त्यांच्या हातात द्यावा, म्हणजे पुढे वीस वर्षांनी हे दुखणं कुठलं हे सिद्ध करायची वेळ आली तर कागद असेल.

राहता राहिला तुमचा पुढचा महिना. एक वही करा. डाव्या पानावर तारीख, बीपी, शुगर. उजव्या पानावर कोणतं औषध मिळालं, कोणतं नाही. जे मिळालं नाही त्यावर पॉलिक्लिनिकचा ‘उपलब्ध नाही’ असा शेरा आणि सही मागा. नेमलेल्या केमिस्टकडे विचारा, तिथेही नसेल तर बाहेरून घेऊन परताव्याचा अर्ज करता येतो. एका वेळी किती दिवसांचं घ्यायचं याचं बंधन असतं, ते आधी विचारून घ्या आणि बिलावर वडिलांचं नाव येतंय हे बघा. औषध संपायच्या दहा दिवस आधी निघा, संपल्यावर नको. आणि खंड पडणारच असेल तर आठवड्याची तरी बीपीची गोळी जनऔषधी केंद्रातून घ्या, घटकाच्या नावाने मागा, स्वस्त मिळते. जायची खरंच सोय नसेल तेव्हा सेहत ओपीडी या सैन्यदलांच्या ऑनलाइन सेवेवरून व्हिडिओने डॉक्टरांशी बोलता येतं. २०२१ च्या मे महिन्यात ती सेवा सुरू झाली आणि माजी सैनिकांना मोफत आहे. रेफरल मिळालं की त्याची मुदत आणि किती वेळा तपासणी चालेल ते तिथेच वाचून घ्या. संलग्न रुग्णालयांपैकी कुठलं निवडायचं हा हक्क तुमचा असतो, पण जवळ मिलिटरी हॉस्पिटल असेल तर आधी तिकडे विचारणा होऊ शकते.

तक्रार करायची झाली तर आधी पॉलिक्लिनिकच्या ऑफिसर-इन-चार्जला लेखी द्या, पोच घ्या. ते निवृत्त अधिकारी असतात आणि बरेचजण मनापासून ऐकतात. त्यांच्या हातात नसेल तर ईसीएचएसच्या रिजनल सेंटरला, आणि तिथेही दाद लागली नाही तर सीपीग्राम्स या केंद्र सरकारच्या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर. तक्रारीत राग लिहू नका, वहीतल्या तारखा लिहा. ‘औषधं कधीच मिळत नाहीत’ या वाक्याला फाइलमध्ये जागा नसते. ‘मेटफॉर्मिन अमुक तीन तारखांना मिळालं नाही, शेरा सोबत जोडला आहे’ याला असते. गावातल्या चार माजी सैनिकांनी आपापल्या वह्या जोडून एकच अर्ज दिला तर न दिलेल्या औषधांचा तो आकडा तयारच होतो, जो रजिस्टरमध्ये कधी चढत नाही.

आणि पुढच्या खेपेला वडिलांना डॉक्टरांसमोर बसवलं की तुम्ही त्यांच्या शेजारी बसा, मागे उभे राहू नका. कानाच्या तपासणीची चिठ्ठी मागा. औषधांची सगळी पिशवी, जुन्या पट्ट्यांसकट, टेबलावर रिकामी करा. खिडकीवरून औषध घेतल्यावर बाहेरच्या बाकावर बसून त्यांना विचारा, बाबा, सकाळची कोणती ते दाखवा.